चोरून खाणारा

डब्यात दोन रंग होते. वरचा तपकिरी, नेहमीचा, चॉकलेटच्या वासाचा. आणि डबा वाकडा केला तेव्हा कडेनं घसरत आलेला दुसरा, पांढरा, बारीक, घाईत अर्धवट कालवल्यासारखा. मी चमचा हातात धरून ओट्यापाशी उभा होतो. मी ओट्यापाशी उभा असणं हीच आमच्या घरात नवलाची गोष्ट. पंचवीस वर्षांच्या संसारात ताट माझ्यासमोर आलेलं आहे, मी ताटाकडे गेलेलो नाही. चौदा महिन्यांपूर्वी वजन उतरवायचं ऑपरेशन झालं, जठराचं अंड्याएवढं बोचकं उरलं, तेव्हापासून तर ललितानं माझं खाणं पुरतंच आपल्या हातात घेतलं होतं. दहा वाजता प्यायची प्रोटीनची पावडर ती पाण्यात हलवून ठेवते. सुट्टी असली की ग्लास फ्रिजमध्ये, ड्यूटी असली की बाटली पिशवीत. आज पौर्णिमा होती. विहारात वंदनेला उशीर होतो म्हणून शेजारच्या सिंधुबाई जिन्यातून हाका मारत होत्या, आणि ललिता पांढरी साडी सावरत ग्लास न भरताच निघून गेली. दहा वाजले, मी उठलो, डबा उघडला. एवढंच झालं होतं.

पांढऱ्यावर बोट टेकवून मी चाखलं. गोड लागलं, आणि गोडाच्या मागोमाग जीभ गार पडली. साखरेनं जीभ अशी गार पडत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा गारवा कुणी शिकवावा लागत नाही. मे महिन्यात बॉयलरच्या बाजूला चक्कर मारून आलं की आम्ही सगळे ग्लुकोजचं पाणी पितो, घाई असली तर चमचाभर तसंच तोंडात टाकतो. हे ग्लुकोज होतं. माझ्या पावडरीत ग्लुकोज. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. अगदी पोटातून आनंद. कंपनीनंच भेसळ केलीय, पकडले गेले लेकाचे! तीन महिने मला जे होत होतं ते यानं होत होतं तर. मी मनातल्या मनात तक्रारीचा अर्ज लिहिला, तो डबा आहारतज्ज्ञ रोशनी मॅडमच्या टेबलावर आपटला, मॅडमना खुर्चीतून उठायला लावून माझी माफी मागायला लावली. फडताळात दुसरा न उघडलेला डबा होता. पुरावा भक्कम व्हावा म्हणून मी त्याचं सील फाडलं. आत तपकिरी, वरून खालपर्यंत एकच तपकिरी. तरी माझं डोकं चालेना. डोकं चालायचं नसलं की माणूस हात चालवतो. मी वरच्या फळीवरचा रव्याचा डबा बाजूला केला, पोह्यांचा केला, आणि त्यांच्या मागं ग्लुकोजचं खोकं होतं. पिशवीचं तोंड रबरानं बांधलेलं, रबराला दोन वेढे आणि तिसरा अर्धा उलटा. असं रबर या घरात एकच माणूस बांधतं.

मी खुर्चीवर बसलो. तीन महिने. रोज सकाळी दहा वाजता मी बाटली प्यायचो आणि सव्वादहाला कंट्रोल रूममध्ये माझ्या मानेमागं घाम फुटायचा. आधी मानेवर, मग कानामागं, मग तळहातांना. छातीत धडधड सुरू व्हायची, समोरच्या पॅनेलवरचे आकडे पुढंमागं व्हायचे, पोटात पीळ पडायचा. प्रफुल्ल माझ्या शेजारी बसतो. तो पंखा माझ्याकडे वळवायचा आणि म्हणायचा, "हिरामण भाऊ, डोळे मिटून पडा जरा. मी बघतो." बाकड्यावर पडून मी छताकडे बघत राखीचं लग्न, माझा फंड, राहिलेली सात वर्षं नोकरी असलं काहीबाही आठवत राहायचो आणि अर्ध्या तासानं तसाच गळालेला उठायचो. हार्टचं काही नव्हतं. तपासण्या झाल्या. मग मला वाटलं, सकाळचं अंडं बाधतंय. अंडं सोडलं. मग वाटलं मटकी, मटकी सोडली. मग चतकोर भाकरीही सोडली. आणि प्रत्येक वेळी ललिता म्हणायची, "मग पावडर तरी घ्या अजून एकदा. ती तर पचते." मला पटायचं. मी पावडर तीनदा घ्यायला लागलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फक्त माझ्या काखेत कळसा मीच ठेवला नव्हता, दुसऱ्या कुणीतरी ठेवला होता.

खाणं म्हणजे काय हे मला ऑपरेशननंतर कळलं होतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पन्नास वर्षं मी नुसतं गिळत होतो. राखीच्या लहानपणची वाटी आमच्याकडे आहे, तिच्यावर मशीननं तिचं नाव कोरलेलं, ती वाटी ललितानं माळ्यावरून काढली आणि तेवढंच माझं जेवण झालं. आधी अंडं नाहीतर मटकी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. एक घास तीस वेळा चावायचा. पंधराव्या वेळी मटकीची साल सुटते, विसाव्या वेळी ती गोड लागायला लागते. अख्ख्या आयुष्यात मटकीला गोडी असते हे मला ठाऊक नव्हतं. आणि मग एक उचकी येते, एकच, लहान. ती आली की थांबायचं. पुढचा घास कितीही चांगला असला तरी खाली ठेवायचा. पहिल्यांदा मी भरला घास खाली ठेवला त्या दिवशी मला रडू आलं होतं. दुःखानं नाही. मला कुणीतरी आतून हाक मारली होती आणि मी ऐकली होती. एकशे एक्केचाळीस किलोचा माणूस ब्याण्णववर आला. गुडघे बोलायचे बंद झाले. प्लँटमधले तीन जिने मी न थांबता चढलो आणि वर जाऊन कठड्याला उगाच हात लावून परत आलो.

त्याआधी मी कोण होतो? टँकर. बॉयलर. लग्नाच्या पंगतीत माझ्यावर पैजा लागायच्या. "हिरामण बसलाय का, मग लाडवाचं ताट इकडंच ठेवा," असं वाढपी ओरडायचे, आणि मी हसायचो, कारण न हसणारा जाडा माणूस कुणालाच नको असतो. आमच्या घराण्यात जाडा झालेला मी पहिलाच. माझी आई, आक्काबाई, निफाडकडे लोकांच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. वडील काठीसारखे, आजा काठीसारखा. मला नोकरी लागली, अंग भरलं, तेव्हा आई मला आल्यागेल्यासमोर उभं करायची. "बघा माझा हिरा. खात्यापित्या घरचा दिसतो का नाय?" माझं पोट तिला आमची माडी वाटायचं. ती गेली तेव्हा मी एकशे वीस किलोचा होतो, आणि ती समाधानानं गेली. मी काहीही खाल्लं तरी ते कमीच असं म्हणणारी ती एकटी. बाकी सगळं जग, बायको धरून, मी नसताना माझे डबे हलवून बघायचं. फरसाण संपलं, मी खाल्लं. उंदरानं पोहे खाल्ले, ते मी खाल्ले. बहुतेक वेळा खरंच मी खाल्लेलं असायचं, त्यामुळे नसायचं तेव्हाही मी गप्प बसायचो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तसं म्हणायला मी संन्यासीही नव्हतो.

म्हणूनच या तीन महिन्यांचं मला जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर संन्यासी होतो. दोन महिन्यांपूर्वी गंगापूर रोडवरच्या क्लिनिकमध्ये काट्यावर ब्याण्णवचे पंच्याण्णव झालेले दिसले तेव्हा रोशनी मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्या राखीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. "काका, घाम येणं, धडधडणं, हे गोड खाल्ल्यावर होतं. आता गोड थेट आतड्यात उतरतं ना तुमच्या. खरं सांगा. मिठाई? गूळ? मध? सरबत? ग्लुकोज?" त्या एकेक नाव घेत होत्या आणि मी एकेकावर मान हलवत होतो. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, राखीची शपथ. एक कण नाही." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी पन्नास वर्षं ओळखतो. मग त्या ललिताकडे वळल्या. "ताई, तुम्ही सांगा." ललिता म्हणाली, "घरात तर काही नसतं मॅडम. बाहेरचं मला काय माहीत?" मला तेव्हा वाटलं होतं, बिचारी साधी आहे, हिला बोलता येत नाही. येताना मी तिला रिक्षात म्हणालोसुद्धा, "तू कशाला वाईट वाटून घेतेस?" ती रिक्षाच्या उघड्या बाजूनं बाहेर बघत होती. आणि त्या रात्री राखी माझ्याजवळ येऊन बसली. राखी आमची एकुलती एक, शाळेत शिकवते, पोरांशी बोलून बोलून तिचा आवाज तसाच समजुतीचा झालाय. "पप्पा, खरं सांगा ना. आम्ही रागावणार नाही." मी म्हटलं, बाळा, तुझी शपथ घेतली मी. ती म्हणाली, "तेच तर." दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्कूटरची डिकी उघडून बघत होती. मी गॅलरीतून बघितलं. ती डिकी तपासत होती आणि आतमध्ये ललिता लसूण सोलत होती. लसूण सोलण्याचा आवाज येत नाही, पण मला तो आता, खुर्चीवर बसल्या बसल्या, येत होता.

साडेअकराला ललिता आली. हातात झाकणाचा छोटा डबा. "विहारात खीर होती. राखीसाठी आणलीय हां, तुम्ही हात लावू नका," असं चप्पल काढता काढता म्हणाली. मी ग्लुकोजचं खोकं टेबलावर तिच्या बाजूला सरकवलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ग्लुकोज हाय," ती म्हणाली, जणू मी रवा की मैदा असं विचारलं होतं.

"माझ्या पावडरीत?"

"दोनच चमचे टाकते. ताकदीला. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बाटल्याच्या बाटल्या चढवल्या, त्या कशाच्या होत्या? ग्लुकोजच्याच ना? डॉक्टरनीच दिलं की. ती काय साखर हाय?"

एवढ्यावर ती थांबली असती तर मी हसलो असतो. खरंच हसलो असतो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा आणि ग्लुकोजचं खोकंच नेतात. सलाइनची बाटली बघितली की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. साखर ते दुखणं आणि ग्लुकोज ते औषध, असा हिशोब तिच्याच काय, माझ्याही आईच्या डोक्यात होता. चूक समजण्यासारखी होती. पण मला तो प्रश्न विचारायचाच होता.

"मॅडमनी ग्लुकोजचं नाव घेऊन विचारलं होतं. तू शेजारी बसली होतीस."

ती खुर्ची ओढून बसली. पदरानं टेबल पुसायला लागली, टेबल स्वच्छ होतं. "तेव्हा कळलं मला."

"मग?"

"मग काय सांगणार? त्या पोरीसमोर? बायकोनंच नवऱ्याला ग्लुकोज घातलं असं? उद्या सगळ्या कॉलनीत झालं असतं. आधीच सिंधुबाई म्हणती, भाऊंना उपाशी ठेवता काय. तुमचे मामा तर तोंडावर म्हणाले, काय गं, पोराची काठी केली. सगळे मलाच म्हणतात ना! तुमचं ऑपरेशन झालं हे कुणाला सांगायचं नाही म्हणता, मग मी काय सांगू लोकांना?"

"म्हणून मला चोर ठरू दिलंस."

"तुम्हाला लोक म्हणतातच," ललिता म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली, मीठ द्या म्हणावं तसं. "तुम्हाला सवय हाय. मला नाय सहन होणार."

माझ्या डोळ्यांसमोर ते वाढपी आले, लाडवाचं ताट आलं, आणि मी हसतोय असा मी आलो. म्हणजे हिला वाटत होतं की ते हसणं खरं होतं. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या हातचं डोळे झाकून खाल्लं तिला एवढंही कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि तिनं ते उपयोगाला ठेवलं होतं? मला फसवल्यासारखं वाटत होतं, आणि ते ग्लुकोजमुळे नव्हतं. कळल्यावर बंद का केलं नाहीस, असं मी विचारलं. "कमी केलं," ती म्हणाली. "चारावरून दोनावर आणलं." मग ती रडायला लागली आणि रडता रडता खरं ते बोलली. मनमाडचे पाहुणे राखीला बघायला आले होते, त्यातल्या बाईनं स्वयंपाकघरात तिला हळूच विचारलं होतं, मुलीच्या वडलांना काय आजार आहे? गाल बसलेत, गळ्याची कातडी लोंबते, काही मोठं तर नाही ना? पुढं त्यांनी फोनच केला नाही. "मला तुमचे गाल पाहिजे होते भरलेले. तेवढेच. आता पुढच्या रविवारी पिंपळगावचे येणारेत. पोरीचं एकदा झालं की मग राहा ना तुम्ही कसेही." माझे गाल. मी मरतोय असं समजून मी बाकड्यावर पडत होतो आणि ही माझे गाल मोजत होती. तरी तिचं रडणं खोटं नव्हतं, ते मला दिसत होतं, आणि त्यामुळे माझा राग धड राग होईना.

शेवटी तीच म्हणाली, "बुधवारी क्लिनिकला जायचंय, तेव्हा मी सांगते. मॅडमला सांगते आणि राखीलापण. राखी येणारच हाय गाडी घेऊन. दोघींसमोर माझ्या तोंडानं सांगते. तुम्ही तोवर पोरीला काही बोलू नका." मी नाही बोललो. माझ्या तोंडून निघालं असतं तर ते काय झालं असतं? जाडा माणूस पकडला गेला की बायकोवर ढकलतो. ते ललितानंच बोलायला हवं होतं.

मधले दिवस मी नव्या डब्यातली पावडर स्वतःच्या हातानं कालवली. सोमवारी दहाला प्यायलो आणि घड्याळाकडे बघत बसलो. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, मान कोरडी राहिली. प्रफुल्लनं पंख्याकडे हात नेला होता तो तसाच मागं घेतला. मंगळवारी मी अंडं परत सुरू केलं. संध्याकाळी दोन चमचे मटकी खाल्ली, सावकाश, तीस तीस वेळा चावून. विसाव्याला ती गोड लागली. माझी जीभ खोटी नव्हती, पोट खोटं नव्हतं, मी खोटा नव्हतो. एवढं साधं सुख असतं हे! उचकी आली तिथं मी थांबलो. ललिता समोर बसून बघत होती. आणि मी तिला माफ करायला सुरुवात केली होती, हे कबूल केलं पाहिजे. उद्या तिला बोलायला जड जाईल, तेव्हा आपण मध्येच काहीतरी हलकं बोलून तिचं ओझं कमी करायचं असं मी ठरवत होतो. "अहो मॅडम, तिनं मला पेशंट समजून सलाइन लावलं होतं," असं काहीतरी. हे वाक्य मी दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. मॅडम हसतील, राखी आईवर चिडेल, मग मला मिठी मारेल. पप्पा, मी तुमची डिकी बघितली, सॉरी, असं म्हणेल. ते सॉरी मी मंगळवारी झोपेपर्यंत ऐकत होतो.

बुधवारी काट्यावर चौऱ्याण्णव पूर्णांक सहा आले. रोशनी मॅडमनी फाईल उघडली. एका बाजूला राखी, एका बाजूला ललिता, मध्ये मी. एसीचं वारं थेट माझ्या डोक्यावर येत होतं. "काका, आज स्पष्ट बोलू या," मॅडम म्हणाल्या. "त्रास तसाच चालू असेल तर तोंडातून नळी घालून आत बघावं लागेल. कदाचित पुन्हा ऑपरेशन. त्याआधी शेवटचं विचारते. गोड खाणं चालू आहे का?" मी टेबलावरच्या फाईलकडे बघत बसलो. ललिताकडे बघितलंही नाही, तिच्यावर दडपण नको म्हणून. तिच्या बांगड्या वाजल्या. तिनं पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. आता, असं मला वाटलं. मी माझं ते हलकं वाक्य तयार ठेवलं.

"मॅडम," ललिता म्हणाली. "आता नाही खाणार ते. चार दिवसांपूर्वी माझ्याजवळ कबूल केलं त्यांनी सगळं. ग्लुकोज खायचे. पावडरीत टाकून. ते साखर असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी काढून टाकलंय घरातून."

मी तिच्याकडे वळलो. ती मॅडमकडे बघत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात मला दिसलं की तिनं हेही पाठ करून आणलं होतं, माझ्यासारखंच. तिनं फक्त माणूस बदलला होता, तिच्या जागी मी; ग्लुकोज, पावडर, बाकी सगळं खरं होतं. मी तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड राखीला दिसलं असेल. नाही म्हणायचं होतं मला. नाही म्हटलं असतं तर पुढं काय? मॅडमची ती नजर परत, राखीनं आईकडे बघणं, मग माझ्याकडे, मग दोघांपैकी कोण खोटं हे ठरवणं; आणि ती कुणाला खोटं ठरवेल हे मला माहीत होतं. रविवारी पाहुणे येणार होते. एका पोरीला त्याच आठवड्यात आई की बाप असं निवडायला कशाला लावायचं?

"काका?" मॅडम म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "मीच टाकायचो."

मॅडमनी सुस्कारा सोडला, चष्मा लावला आणि मनापासून हसल्या. नळीची गरज नाही म्हणाल्या. खूप जणांचं असं होतं, कबूल करायला धीर लागतो, म्हणाल्या. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. ललितानं पदरानं डोळे टिपले. आणि राखी खुर्चीतून उठून माझ्याजवळ आली, वाकली, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "पप्पा, बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. तिच्या तोंडावर इतका आनंद, इतका अभिमान होता. मी खरं बोलत होतो त्या तीन महिन्यांत तिनं एकदाही असा हात धरला नव्हता.